हळद लागलेला पाना

चिंधूच्या सायकल दुकानात खिळ्याला एक वही टांगलेली असायची. अड्याळच्या लोकांना वाटायचं ती उधारीची आहे, म्हणून तिच्याकडं कोणी मान वळवून पाहत नसे. खरं तर त्या वहीत मेलेल्या हत्यारांची नोंद होती.

‘पेचकस, लाल मुठीचा. अड्याळच्या बाजारात घेतला. चौथ्या दिवशी गेला. स्क्रू जिंकला.’

‘पक्कड. पवनीच्या जत्रेतली. त्याच दिवशी सांजच्याला गेली. तार तोडाले लावली तं तार तशीच, पक्कडीचा ओठ तुटला.’

‘हातोडी. पंधरा दिवस. डोकं उडून आनंदाबाईच्या कोंबडीजवळ पडलं. कोंबडी वाचली.’

अशी तीन वर्षांत चौतीस मयतं. चिंधूला वाटायचं, इतकं लिहून ठेवलं की एखाद्या दिवशी त्यातून शहाणपण निघेल. निघालं ते एवढंच, की स्वस्तातलं हत्यार मरतं आणि महागातलं आपल्या घरी येतच नाही. पण या दोघांच्या मधात काहीतरी असेलच ना? टिकणारं, आणि आपल्या खिशाला झेपणारं? लोक देव शोधतात, चिंधू पाना शोधत होता.

वय चोवीस. शाळा आठवीपर्यंत. सायकलचं काम त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या सायकली खोलायच्या, त्यातल्या काही परत जुळत नसत, त्या जुळेपर्यंत शिव्या खायच्या, असं करत करत तो शिकला. आता त्याला इंजिनात हात घालायचा होता. तलावाच्या काठाकाठानं धानाला पाणी देणारी डिझेल इंजिनं दर वर्षी वाढत होती, आणि दर वर्षी जास्त बिघडत होती. पण सायकलच्या पान्यानं इंजिन खोलायला जाणं म्हणजे चमच्यानं विहीर खोदणं. इंजिनाला खरा पाना लागतो.

आणि खरे पाने अड्याळात एकाच माणसाकडं होते. खुशाल मिस्त्री. चिंधूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं त्याचं इंजिन दुरुस्तीचं दुकान, मागच्या बाजूला घर. पाने काळे, जाड, कोणत्या जमान्यातले देव जाणे. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका फिटरनं स्वतःच्या पैशानं जमवलेला संच, त्याच्याकडून खुशालनं घेतलेला. रोज संध्याकाळी तो ते पाने पुसायचा, तेल लावायचा, आणि नंबराप्रमाणं पेटीत झोपवायचा. पोटच्या पोरांची त्यानं इतकी देखभाल केली असती तर एखादा तहसीलदार झाला असता.

चिंधूनं एकदाच मागून पाहिलं होतं.

“मिस्त्री, सतराचा रिंग पाना द्या ना घंटाभर.”

“बायको देईन, पाना नाही देनार.”

आतून त्याची बायको कौशल्याबाई ओरडली, “अजी, कोन नेऊन राहिला तं नेऊ द्या! तुमच्या पान्याइले पुसासाठी माझं एक लुगडं नाही उरलं घरात.”

खुशाल पाना कोणालाच देत नव्हता, हे खरं. पण चिंधूच्या एक गोष्ट लक्षात आली होती. पाटलाच्या पोराला नाही म्हणताना पाना खुशालच्या हातातच असायचा. चिंधूला नाही म्हणताना मात्र तो आधी पेटीत गेला, मग कुलूप लागलं, मग नाही. बौद्धवाड्यातला हात पान्याला लागू नये म्हणून, की चिंधूचा हात नवशिका म्हणून, हे खुशालनं कधी सांगितलं नाही आणि चिंधूनं विचारलं नाही. वहीत मात्र लिहून ठेवलं: ‘सतराचा रिंग पाना. जिवंत आहे. कुलपात आहे.’

हे सत्त्याहत्तर साल. दसऱ्याच्या आधीच्या बाजारात एक फेरीवाला आला. बारा पान्यांचा संच, पत्र्याच्या डब्यात, डब्यावर आयाळवाला सिंह. पाने असे चमकत होते की त्यात पाहून भांग पाडता आला असता. फेरीवाल्यानं दोन पाने एकमेकांवर आपटले, खण्ण! “घ्या भाऊ, नातू वापरेल.” चिंधूनं घेतला. नातवाचा विचार त्यानं त्याआधी कधी केला नव्हता, पण त्या आवाजानं केला.

दसऱ्याच्या सकाळी चिंधूची माय विमलाबाई पांढरं लुगडं नेसून दारात उभी होती. दीक्षाभूमीला जायचं होतं, नागपूरला. छप्पन साली ती चिंधूचा बाप मंगरू याच्याबरोबर, तीन वर्षांच्या चिंधूला कडेवर घेऊन गेली होती, अर्धी वाट पायी. तेव्हापासून एकही दसरा चुकला नव्हता. मंगरू वारला त्या सालीही नाही. ताप असताना नाही. पुराच्या सालीही भंडाऱ्यापर्यंत चिखल तुडवत गेली होती. बाकी कोणत्याही गोष्टीत विमलाबाई हट्टी नव्हती, कारण बाकीचा सगळा हट्ट तिनं या एका दिवसासाठी राखून ठेवला होता.

“हा थैला कायले घेतलास?” तिनं विचारलं. “दीक्षाभूमीवर पंक्चर जोडतेस काय?”

“तसं नाही माय. तिथं जुन्या लोखंडवाल्याइचे पाल लागतात म्हनते. नमुना संग असला की पाहाले बरं.”

“पहिले भूमीवर माथा टेकवाचा. मंग तुझं लोखंड.”

“हो वं माय.”

लाखांदूरकडून ट्रक आला. त्या बाजूच्या गावांमधले चाळीसेक जण आधीच मागं उभे होते, निळे झेंडे, पांढरी लुगडी, भाकरीची गाठोडी. ड्रायव्हर कृष्णराव हा एक जाडा, झोपाळू माणूस. त्याचा ट्रक त्याच्यासारखाच, चढ आला की सुस्कारा टाकायचा. माय-लेक चढले. ‘जय भीम’ झाला. ट्रक निघाला, अड्याळ सोडून अर्धा मैल गेला, तलावाच्या पाळीजवळ त्यानं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडला.

कृष्णरावनं खाली उतरून बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि आपल्याला हे आधीपासून माहीतच होतं अशा आवाजात म्हणाला, “हवा घेऊन राहिली डिझेलमधी.”

चिंधूही उतरला. डिझेलच्या फिल्टरवर एक बोल्ट होता, त्याच्याखाली तांब्याची चकती, म्हणजे वायसर. वायसर झिजलेला, तिथून हवा आत शिरत होती. बोल्ट खोलायचा, वायसर बदलायचा, पक्का आवळायचा. दहा मिनिटांचं काम.

“वायसर आहे?”

“आहे ना, डब्बीत आहे.”

“अन् पाने?”

“होते,” कृष्णराव म्हणाला. “पहिला क्लीनर नोकरी सोडून गेला. पाने बी त्याच्याच संग गेले. जमत होतं दोघाइचं.”

चिंधूची छाती अशी फुगली की बंडीचं एक बटन सुटलं. त्यानं थैल्यातून सिंहाचा डबा काढला. ट्रकमधून चाळीस माना खाली वाकल्या. सतराचा पाना बोल्टावर बसवला. मस्त बसला. चिंधूनं जोर लावला.

पान्यानं तोंड उघडलं. हळूहळू, जांभई द्यावी तसं. आणि घसरला. चिंधूनं पुन्हा बसवला, अजून जोर लावला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा करायला नको होतं, पण चाळीस माणसं पाहत असली की माणूस तिसऱ्यांदा करतोच. बोल्टाच्या डोक्याचे सहा कोपरे होते, त्यांतले चार साफ झाले. बोल्ट जागचा हलला नव्हता. नुसता गोल झाला होता, सुपारीसारखा.

“वा रे मिस्त्री,” वरून एक बाई म्हणाली. “अगुदर ट्रक बंद होता, आता पक्का बंद झाला.”

हसले सगळे. विमलाबाई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं फक्त सूर्याकडं पाहिलं, सूर्य किती वर आला ते. ते चिंधूला शिवीपेक्षा जास्त लागलं. तेवढ्यात एक एसटी आली. चाळीस हात वर झाले. एसटीच्या दारातही माणसं लोंबकळत होती, कंडक्टरनं लांबूनच हात जोडले आणि गाडी धुरळा उडवत गेली. मागून दुसरी आली, तिनं हातही जोडले नाहीत.

बावीस वर्षांत एक दसरा चुकणार, आणि तो आपल्या हातानं. चिंधू पळाला. अर्धा मैल, थेट खुशालच्या दुकानापर्यंत.

दुकानाला आंब्याच्या पानांचं तोरण, दारात शेणाचा सडा. आत पाटावर लाल फडकं अंथरलेलं, आणि त्यावर सगळे पाने नंबराप्रमाणं ओळीनं. प्रत्येकाच्या कपाळावर हळद-कुंकू. पान्याला कपाळ नसतं, पण खुशालनं शोधलं होतं. प्रत्येकाला झेंडूचं फूल दोऱ्यानं बांधलेलं, मधात धानाच्या लोंब्या, पुढं नारळ. पत्र्याची कात्री, हातोडे, छन्न्या, सगळे देव होऊन बसले होते. शेजारचे म्हातारे भय्याजी खुर्चीवर बसून प्रसादाची वाट पाहत होते. गावात कोणता सण कसा करायचा, कोणी काय खायचं, कोणी कोणाच्या पाया पडायचं, हे भय्याजी सांगायचे. त्यांना कोणी विचारायचं नाही, तरी सांगायचे.

चिंधूनं धापा टाकत सगळं सांगितलं. आपला पाना घसरला, बोल्ट गोल झाला, हेही सांगितलं. लपवून काय करणार, बोल्ट दिसणारच होता.

खुशालनं डोळे मिटले. “कोनत्या पान्यानं?”

“सिंहवाल्या.”

“हे राम. अबे, तो पाना नाही बे, तो वरखाचा पेढा आहे!”

“मिस्त्री, बोल्टाचं मंग बोलू. सतराचा रिंग द्या.”

“दिला असता,” खुशाल म्हणाला. आज तो खरंच देणाऱ्यासारखा दिसत होता, कारण आज त्याच्याजवळ नाही म्हणायला पक्कं कारण होतं. “पन पूजा झाली. आता उद्या सकाळपर्यंत हात लावता येत नाही. देव बसले त्याच्यात.”

“चाळीस मानसं आहेत रस्त्यावर. माही माय आहे.”

“माझ्या हातात असतं तं…”

“हातातच तं घ्याचा आहे ना!”

कौशल्याबाई नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आली होती. “विमलाबाई अडकली?” तिनं विचारलं, आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की खुशालनं भय्याजींकडं पाहिलं. अडचण आली की गाव असंच पाहायचं, एकाकडून दुसऱ्याकडं, आणि शेवटी भय्याजी.

भय्याजींनी खाकरून घसा साफ केला. “पूजेच्या हत्याराले हात लावला तं पाप लागते,” ते म्हणाले. “आता पाप कोनाले लागते? जो मानते त्याले. खुशालनं उचलला तं खुशालले लागंल. मी उचलला तं मले.” मग त्यांनी चिंधूकडं बोट केलं. “हा तं मानतच नाही. यायनं देवच सोडून देल्ले. याले कुठून पाप लागंल? चिंध्या, तूच उचल गा.”

खुशालनं आधी पाटाकडं पाहिलं, मग चिंधूच्या हाताकडं.

चिंधूला हसावं की चिडावं कळेना. ज्या पान्यापासून आपला हात तीन वर्षं कुलपानं लांब ठेवला, त्याला आज अख्ख्या अड्याळात लावता येईल असा एकच हात होता, आणि तो आपलाच. हे सांगताना भय्याजींचा चेहरा मात्र असा निर्मळ, की त्यांना यातलं काही वाकडं दिसतच नव्हतं.

“बरोबर आहे भय्याजीचं,” कौशल्याबाई म्हणाली. “उचल बाबू.”

“अन् फूल?” खुशाल किंचाळला. “फूल काढू नको! पूजा मोडते. हळद पुसू नको. अन् ठोकू नको त्याच्यावर. थांब, मीच येतो!”

अशी वरात निघाली. पुढं चिंधू, हातात झेंडूचं फूल लोंबणारा सतराचा पाना. मागं खुशाल, दोन्ही हात पाठीमागं बांधून, म्हणजे चुकूनसुद्धा लागायला नको. त्याच्या मागं भय्याजी, आपल्या निकालाचं पुढं काय होतं ते पाहायला.

विमलाबाई ट्रकच्या सावलीत बसली होती. तिनं पान्याकडं पाहिलं. हळद, कुंकू, फूल. “हा कोनता देव घेऊन आलास?”

“देव नाही माय, सतराचा रिंग आहे.”

“मंग धू त्याले.”

“धुता येत नाही, मोडते त्याइची पूजा.”

“हात जोडलेस काय त्याले?”

“नाही वं. नुसता उचललो.”

विमलाबाईनं विचार केला. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या, एकीतही पान्याचं नाव नव्हतं. “मंग चालते,” ती म्हणाली. “लवकर कर.”

रिंग बोल्टाभोवती बांगडीसारखा बसला. पण चार कोपरे गेलेले, रिंग नुसताच गरगर फिरला. खुशालनं वाकून पाहिलं आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला जसा कोणी त्याच्याच बोटाचा कोपरा खाल्ला होता. त्याचे हात पाठीमागं एकमेकांना धरून वळवळत होते.

“तिरपा नको धरू! सरळ! अबे सरळ म्हंजे सरळ, तुझ्या डोक्यासारखं नाही!”

“मंग तुम्ही करा ना.”

“करता आलं असतं तं तुले बोललो असतो काय? हे पाय, मोकळं आहे मधात. पातळ पत्र्याची पट्टी घाल, बोल्टाच्या अन् रिंगच्या मधात. मंग धरंल.”

पातळ पत्रा कुठून आणायचा? चिंधूची नजर सिंहाच्या डब्यावर गेली. पत्रा चांगला होता. पान्यांपेक्षा चांगला. “कापाचा कशानं?”

“माझी पत्र्याची कात्री आहे, पन ते बी पाटावर. भय्याजी, कात्रीचं कसं?”

भय्याजी विचारात पडले. कात्री म्हणजे दोन पाती, प्रत्येक पात्याचं वेगळं धरायचं की दोन्हींचं मिळून, इथून त्यांनी सुरुवात केली. ते अर्ध्यापर्यंत येईस्तोवर दसऱ्याची दिवाळी झाली असती. चिंधू मायजवळ गेला.

“माय, अडकित्ता दे.”

विमलाबाईनं कमरेची चंची घट्ट धरली. “कायले?”

“पत्रा कापाचा आहे.”

“माह्या अडकित्त्यानं? तुह्या जन्माअगुदरचा आहे तो! लोहाराकडून तुह्या बापानं घडवून आनला होता. पत्र्यानं धार गेली तं मी सुपारी काय दातानं फोडू? दात कुठी आहेत?”

“नागपूरले जाचं आहे काय नाही?”

तिनं पुन्हा सूर्याकडं पाहिलं. मग चंची सोडली, सुपारीचं खांड तोंडात टाकून घेतलं, न जाणो ते शेवटचंच असलं तर, आणि अडकित्ता पुढं केला. “मोडला तं घरी येऊ नको.”

अडकित्त्यानं सिंहाचं शेपूट कापलं, मग मागचा पाय. कर्र, कर्र. लोणी कापावं तसं नव्हे, पण कापलं. चिंधूनं पट्टी दुमडली, बोल्टाच्या गोल झालेल्या बाजूला लावली, त्यावर रिंग ठोकून… नाही, ठोकायचं नव्हतं… तळहातानं दाबून बसवला. आता रिंग हलेना.

“आता,” खुशाल एकदम हळू आवाजात म्हणाला, “झटका नको देऊ. वजन टाक. जसा बैल जू घेते ना, तसा घे.”

चिंधूनं वजन टाकलं. झेंडू थरथरला. मग कट्ट! असा आवाज आला आणि चिंधूला वाटलं, गेलं काहीतरी, पाना गेला की बोल्ट. काही गेलं नव्हतं. बोल्ट सुटला होता.

ओरडले सगळे. सगळ्यात जास्त खुशाल ओरडला. हात पाठीमागं होते म्हणून टाळी वाजवता आली नाही, तर त्यानं एक उडी मारली. वायसर बदलला, पट्टी लावून बोल्ट पुन्हा आवळला, हवा काढली. कृष्णरावनं चाबी फिरवली आणि ट्रक खोकत, थुंकत, शेवटी बोलू लागला.

“घ्या मिस्त्री,” चिंधूनं पाना पुढं केला. खुशालचे हात पुढं आले आणि अर्ध्यातच थांबले. घेता येईना.

“तू घरी ठेवून ये.”

“ट्रक थांबवत नाही आता,” कृष्णराव वरून म्हणाला. “अन् पाना खाली ठेवत असान तं मी बी नाही जात. बोल्ट गोल, पट्टीवर चालून राहिलं सगळं. भंडाऱ्यापर्यंत ढिला होते पाहा. पाना संग पाहिजे.”

खुशालनं पान्याकडं पाहिलं, ट्रककडं पाहिलं, अड्याळकडं पाहिलं. घरी नैवेद्य, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी सोनं वाटायचं. आणि सतराचा रिंग, ज्याच्याशिवाय तो एक रात्र कधी झोपला नव्हता, चालला नागपूरला.

“भय्याजी,” तो म्हणाला, “घरी सांगजा, मी देवासंग गेलो.” आणि फाळक्यावर पाय ठेवून ट्रकमध्ये चढला.

सगळ्या वाटेनं तो चिंधूच्या थैल्याला टेकून बसला, थैल्याला हात न लावता. कोणाचा पाय लागला तरी “सांभाळून वो!” म्हणायचा. भंडाऱ्याच्या अलीकडं विमलाबाईनं गाठोडं सोडलं आणि भाकर-ठेचा त्याच्यापुढं धरला. “मले भूक नाही,” खुशाल म्हणाला. ते तो पहिली भाकर खाताना म्हणाला, दुसरी खाताना म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी फक्त “ठेचा आहे काय अजून?” म्हणाला. विमलाबाईनं वाढला. बोलण्यासारखं तिच्याजवळ खूप होतं, पण दिवस चांगला होता.

भंडाऱ्यानंतर बोल्ट एकदा ढिला झालाच. खुशालनं हात पाठीमागं बांधून आणि चिंधूनं हात पुढं करून तो पुन्हा आवळला. दुपार टळायच्या आत ट्रक नागपुरात होता.

तिथं गर्दी अशी की माणूस आपोआप पुढं जायचा. विमलाबाईनं भूमीवर माथा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. चिंधूही टेकला. दोन मिनिटं त्याला पाना-बिना काही आठवलं नाही. तिसऱ्या मिनिटाला आठवलं. डोकं वर करून पाहिलं तर माय त्याच्याकडंच पाहत होती. “जा आता,” ती म्हणाली. “तुझं लोखंड पाहून ये. मी इथंच बसतो.” तिचे डोळे ओले होते आणि तोंड सुपारीनं भरलेलं होतं. अडकित्त्याला काही झालं नव्हतं.

जुन्या लोखंडवाल्यांचे पाल रस्त्याच्या कडेला होते. पोत्यावर ढीग, गंजलेले, वाकलेले, मुठी नसलेले. चिंधूचा हात सवयीनं चमकणाऱ्या एका पान्याकडं गेला.

“ठेव खाली!” खुशाल म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की या पान्यांची पूजा झालेली नाही. यांच्यात कोणी बसलेलं नाही. सकाळपासून पाठीमागं बांधलेले त्याचे हात सुटले आणि त्या ढिगात कोपरापर्यंत घुसले. उपाशी माणूस पंगतीत बसावा तसा तो त्या पोत्यावर बसला.

“हे पाय. नवा पाना काय सांगते? मी चांगला आहे म्हनते. अबे, सगळेच म्हनते तसं. आपन कायले ऐकाचं? ज्यानं वीस वर्ष मार खाल्ला, अन् तरी त्याचं तोंड सरळ आहे, तो पाना घे. गंज वरून आहे का आत गेला ते नखानं पाय. तोंडात बोल्ट घालून हलव. हलला तं सोड. आवाज नको ऐकू, आवाज तं ताटाचा बी चांगला येते. अन् सेट नको मांगू. सेटात दोन कामाचे अन् दहा वऱ्हाडी असतात. एक एक घे.”

चिंधू ऐकत होता. चौतीस मयतं लिहून जे निघालं नव्हतं ते त्या पोत्यावर अर्ध्या तासात निघालं. चमकणाऱ्या एका संचाच्या किमतीत पाच पाने आले. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही, एक लांब, एक बुटका, आणि चौदाच्या एका पान्यावर कोण्या कामगारानं छन्नीनं ‘भ’ कोरलेला.

चौदाचा पाना खुशालनं दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाला, “हा मले…” मग चिंधूकडं पाहिलं, आणि “घे तूच” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधू सतराचा रिंग परत ठेवायला गेला. पाटावर पान्यांची ओळ तशीच होती. सतराच्या जागी मात्र कौशल्याबाईनं पोळपाटावरचं लाटणं ठेवलं होतं, त्यालाही हळद-कुंकू, त्यालाही फूल.

“ओळ रिकामी दिसे,” ती म्हणाली. “अन् या घरात रोज चालनारं हत्यार तं हेच आहे. कधी बिघडलं नाही, कोनाले मांगा लागलं नाही.”

चिंधूनं लाटणं तिच्या हातात दिलं आणि पाना त्याच्या जागी ठेवला. झेंडू सुकला होता, पण होता. खुशालनं पाने उचलले, पुसले, नंबराप्रमाणं पेटीत झोपवले आणि कुलूप लावलं. “आता तुह्याजवळ आहेत ना?” तो म्हणाला. “आता मांगाले येऊ नको.”

“नाही येत,” चिंधू म्हणाला.

आठ दिवसांनी चिंधू दुकानात वही लिहीत बसला होता. ‘सिंहाचे बारा पाने. दसऱ्याच्या दिवशी गेले. डबा मात्र कामी आला.’ त्याखाली: ‘मायचा अडकित्ता. जन्म माहीत नाही. जिवंत.’ तेवढ्यात समोरून खुशाल आला. कोणाच्या तरी इंजिनात हात घालून आलेला, कोपरापर्यंत काळा. आल्या आल्या त्यानं भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडं पाहिलं, मग सायकलकडं पाहिलं, मग छताकडं.

“काय पाहिजे मिस्त्री?”

“काही नाही. माझ्या चौदाचं तोंड जरा फाकलं आहे,” खुशाल म्हणाला. “तुह्याजवळ तो ‘भ’वाला आहे ना? घंटाभर पाहिजे होता.”

चिंधूनं पेन्सिल कानावर खोचली. ‘भ’वाला पाना खिळ्यावरून काढला, हातात धरला, नीट पुसला. आणि हातात धरूनच म्हणाला, “मिस्त्री, बायको देईन, पाना नाही देनार.”

खुशालचं तोंड उघडं राहिलं, सिंहाच्या पान्यासारखं.

“पन माझं लगन व्हाचं आहे अजून,” चिंधू म्हणाला. “तवापर्यंत हाच न्या.”